एका हाकेला तिघी

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या नव्या सुनेनं अंगणातून हाक मारली, "अमता, पानी कुठं हाय?" आणि घराच्या तीन दारांतून तीन बायका बाहेर आल्या.

पहिली माझी भावजय शप्पीरा, म्हणजे तिची सासू. डोक्यावरचं वस्त्र सारखं करत, रुबाबात. दुसरी मी, यहूदित, नवऱ्या मुलाची आत्या. नवरा गेल्यापासून मी भावाच्याच घरी असते, आणि गुडघ्यांमुळे सगळीकडे जरा उशिरानंच पोचते. तिसरी गमीलत, घरातली दासी, हाताला कणीक तशीच. तिघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. सून बिचारी कधी हिच्याकडे बघतेय, कधी तिच्याकडे. माझा भाऊ हिल्किया ओट्यावर बसून दगडी प्याला घासत होता. तो म्हणाला, "घोटभर पाण्याला तिघी? सून आणली की राणी आणली?"

हे आमच्या यहूदियातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही आणि गालीलच्या माणसाला सांगून कळायचं नाही. पण मला सांगायला आवडतं, म्हणून सांगते. आमच्याकडे सासू म्हणजे हमता. तो 'ह' घशातून खरवडून काढायचा, नुसता श्वास सोडून चालत नाही. दासी म्हणजे अमता, साधा सरळ 'अ', लहान मूलही म्हणेल. आणि आत्या म्हणजेही अमताच, पण तिचा 'अ' पार खालून यायला हवा, घास अडकतो ना, तिथून. तीन अक्षरं, तीन बायका, घरातल्या तीन जागा. गालीलच्या लोकांच्या घशाला मात्र देवानं एकच दार ठेवलंय. सासू आली तरी अमता, आत्या आली तरी अमता, दासी आली तरी अमता. एवढंच नाही, आम्ही रागाला 'हेमता' म्हणतो, तर त्यांच्याकडे तोही अमताच्याच रांगेत जाऊन बसतो.

त्यामुळे सुनेनं "अमता आली" म्हटलं की माझ्या भाच्याला, यद्दुआला, विचारावं लागायचं, "कोण आली? आई, आत्या, गमीलत, की राग?" त्यावर हिल्किया न बघता म्हणायचा, "पहिली आणि शेवटची बहुतेक बरोबरच येतात."

सुनेचं नाव सिप्पोरा. चिमणी. आईबापांनी नाव अगदी विचार करून ठेवलं असणार, कारण पोरगी उठल्यापासून झोपेपर्यंत बोलत असायची. यद्दुआ आमचे दगडी प्याले विकायला गालीलात गेला होता. प्याले विकले, आणि स्वतःला तिथंच विसरून आला. पुढं महिनाभर तो जेवताना एकटाच हसायचा. शेवटी हिल्किया म्हणाला, घेऊन या त्या पोरीला, नाहीतर हा एखाद दिवशी छिन्नीनं स्वतःचं बोट कोरेल.

शप्पीराला हे स्थळ पसंत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पोरगी पसंत होती, बोली पसंत नव्हती. शप्पीराचे वडील यरुशलेमच्या सभास्थानात पवित्र शास्त्राची गुंडाळी वाचायचे. इब्री वाचताना एकेक अक्षर धुऊन पुसून ताटात मांडल्यासारखं वाचत, असं ती सांगते, आणि वर्षातून फार तर दहा-वीसदाच सांगते. आमच्या घरात देवाशी इब्री बोलतात, आपसात अरामी, गिऱ्हाइकाशी तुटकं ग्रीक, आणि गाढवाशी तोंडाला येईल ते. पण काहीही बोललं तरी ते स्वच्छ बोलायचं, असा शप्पीराचा दंडक. गाढवालासुद्धा ती घशातला 'ह' पूर्ण काढून शिव्या देते.

मग शिकवणी सुरू झाली.

"म्हण, हमता."

"अमता."

"घशातून. घशातून गं!"

"अमता," सिप्पोरा म्हणायची, आणि डोळे एवढे मोठे करायची की जणू 'ह' तिथून निघणार आहे.

गमीलतनंही प्रयत्न केला. ती मूळची यार्देन नदीच्या पलीकडची, नबाती वाळवंटातली. तिच्या लोकांचा 'ह' इतका खोल की आम्हीच तिच्यापुढं गालीली वाटावं. ती म्हणाली, "चुलीवरची डाळ उकळती उकळती तोंडात घाल. तोंड भाजलं की 'ह' आपोआप येतो." सिप्पोरानं खरंच घातली. अंगणभर नाचत ती ओरडत होती, "आ! आ! आ!" एकदासुद्धा 'ह' आला नाही. मी हसून हसून जमिनीवर बसले आणि मग मला उठवायला दोघी लागल्या.

यद्दुआनं तिला दगडी पाटीवर तिन्ही अक्षरं कोरून दाखवली. सासूचं अक्षर दाराच्या चौकटीसारखं. आत्याचं फाटे फुटलेल्या फांदीसारखं. दासीचं म्हणजे एक तिरकी रेघ आणि तिला लोंबकळणारे दोन पाय. तो म्हणाला, "बघ, तिघी किती वेगळ्या आहेत."

सिप्पोरानं पाटी डोळ्यांजवळ धरून नीट बघितली. "चित्रं तीन हायेत, खरं हाय," ती म्हणाली. "पर आवाज एकच हाय की!"

शिकवणीपर्यंत ठीक होतं. पण एकदा तेलाच्या घाण्यावर गावातल्या बायका जमल्या होत्या, तिथं कुणीतरी नव्या सुनेला विचारलं, "या कोण तुझ्याबरोबर?" हिनं मोठ्या अभिमानानं शप्पीराचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ही माझी अमता!"

घाणा थांबला. नंतर बायका ज्या हसल्या त्या हसल्याच. परतताना शप्पीरा माझ्या चार पावलं पुढं चालत होती. तिच्या पाठीकडं बघूनच मला कळत होतं की चौथी अमता आली.

त्यानंतर द्राक्षांचे दिवस आले. हिल्किया आणि गमीलत मळ्यातल्या खोपटात राहायला गेले, यद्दुआ दिवसभर दगडाच्या खाणीवर. घरात आम्ही तिघी. आणि नेमकी तेव्हाच सिप्पोरा तापानं पडली. भट्टीतल्या भाकरीसारखं अंग भाजत होतं. ती सारखं एकच मागायची, "गार पानी." घरच्या टाक्यातलं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी कोमट आणि शेवाळलेलं. गार पाणी खालच्या झऱ्याला, आणि झऱ्याची वाट म्हणजे उतरताना देव आठवतो आणि चढताना आईबाप. माझे गुडघे पहिल्या वळणालाच परत फिरले असते. आणि शप्पीरानं जन्मात कधी डोक्यावर घागर घेतलेली नाही. ते दासीचं काम, असं ती माहेराहून शिकून आली होती आणि मलाही तिनं ते अनेकदा शिकवलं होतं.

तरी रोज सकाळी मी उठले की सिप्पोराच्या उशाशी घागर भरलेली असायची, बाहेरून घाम फुटलेली, गार. मी म्हटलं, यद्दुआच खाणीवर जाण्याआधी आणून ठेवत असणार, दुसरं कोण? मी त्याला शाबासकी दिली. त्यानं ती घेतलीसुद्धा. कशाबद्दल हे न विचारता शाबासकी घेण्यात आमच्या घरातले पुरुष पटाईत आहेत.

दिवसा मी सिप्पोराजवळ बसायचे. शप्पीरा दारातून डोकावून जायची, बास. तिच्या कोपराला फडकं बांधलेलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "भट्टीला लागलं, वन्सं. तुम्ही आपलं तिच्याकडे बघा." मध्येच कधीतरी सिप्पोरानं डोळे उघडले, माझा हात धरला आणि म्हणाली, "अमतानं पानी आनलं." मी म्हटलं, हो गं बाई, आणलं. मनात म्हटलं, तापात बरळतेय. गमीलत तर मळ्यात आहे.

ताप उतरला. मळ्यातली माणसं परत आली. पहिल्यांदाच सगळे एकत्र जेवायला बसलो तेव्हा सिप्पोरा खुशीत होती, गालांची हाडं वर आलेली, पण तोंड पुन्हा सुरू झालेलं. ती सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, मी जगले ती अमतामुळं. उजाडायच्या आत झऱ्यावरनं पानी आनायची. असं मानूस नशिबात पायजे."

गमीलत माझ्या कानाशी पुटपुटली, "मी तर इथं नव्हतेच." मी तिला खूण केली, गप्प बस, पोरगी अजून सावरलेली नाही.

शप्पीरानं हातातली भाकरी खाली ठेवली आणि उठून आत गेली. मला वाटलं, पोटात दुखत असेल.

दुसऱ्या दिवशी तिनं सुनेला समोर उभं केलं. "सणाला माझी बहीण येणार आहे, बेरेनीके. ती गेल्याशिवाय चारचौघांत तोंड उघडायचं नाही. कळलं? एक शब्द नको." आवाज अगदी थंड. मला वाटलं, घाण्यावरची गोष्ट अजून डोक्यातून गेलेली नाही. मी मध्ये पडले, तर मलाच म्हणाली, "वन्सं, हे सासू-सुनेचं आहे. यात अमता नको." आणि तो 'अ' तिनं इतक्या खोलातून काढला की मी निमूट बाजूला झाले.

सिप्पोरानं हुकूम जरा जास्तच पाळला. चारचौघांत काय, ती घरातही बोलेनाशी झाली. चिमणी गेल्यावर अंगण कसं होतं ते मी पाहिलं. हिल्किया प्याला घासायचा आणि मध्येच हात थांबवून कान द्यायचा. यद्दुआनं कोरलेल्या प्याल्यांच्या कडा वाकड्या यायला लागल्या. मला तर जेवण जाईना, आणि मला जेवण जात नाही ही या घरात छोटी गोष्ट नाही.

मांडवांच्या सणाला गालीलची यात्रा आली आणि तिच्यात सिप्पोराचा भाऊ यायीर होता. गावाच्या वेशीपासून त्याचा आवाज ऐकू आला. यरुशलेमला जाऊन तो रात्री आमच्याच गच्चीवरच्या पानांच्या मांडवात निजायला येत असे. बहीण बोलत नाही हे त्याच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. त्यानं काही विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून तोही हळू बोलायला लागला, आणि तेवढ्यानं मला कसंसंच झालं.

सण संपत आला होता. मी गच्चीवर डाळिंब सोलत होते. सिप्पोरा माझ्या शेजारी येऊन बसली. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज ऐकला.

"अमता," ती मला म्हणाली, "मी यायीरसंगं जाते."

"माहेरी? थोडे दिवस?"

ती डाळिंबाचे दाणे एका ओळीत लावत बसली. "तिथं मला बोलता येतं," ती म्हणाली.

थोडे दिवस नाहीत, हे मला कळलं. "यद्दुआला सांगितलंस?"

"त्याला सांगितलं. तो म्हनला, मीबी येतो. खान सोडून, आईबापाला सोडून. तसं म्या त्याला करू देनार न्हाई."

 मला तिला बांधून ठेवावंसं वाटलं. मी तिच्या पदरात सगळं डाळिंब ओतलं आणि खाली जाऊन चुलीच्या धुराच्या नावाखाली रडून घेतलं. यात्रा परवा निघणार होती. तिचं गाठोडं कोपऱ्यात बांधलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

आणि त्याच दुपारी बेरेनीके आली.

बेरेनीके शप्पीराची धाकटी बहीण. यरुशलेमच्या वरच्या वस्तीत दिलेली. माहेरचं नाव वेगळं होतं, पण आता तिला ग्रीक नावाशिवाय हाक ऐकू येत नाही. पायऱ्या चढता चढताच ती म्हणाली, "खैरे! खैरे!"

"खोकला झालाय वाटतं," हिल्किया मला म्हणाला.

"ग्रीकमध्ये नमस्कार केला तिनं."

"हो का? मग मध द्यायला नको."

मांडवात सगळे बसलो. कोकरू होतं, जैतून होते, अंजिरांची चळत होती. बेरेनीकेनं यायीरला बोलतं केलं आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला ओठ दाबून हसत राहिली. यायीर भला माणूस, त्याला वाटलं त्याच्या गोष्टी रंगतायत. मग तिनं मोर्चा सुनेकडे वळवला.

"आणि तू गं? सासर मानवलं का?"

सिप्पोरानं मान हलवली.

"नवरा चांगला आहे?"

पुन्हा मान.

"ताई," बेरेनीके शप्पीराकडे वळली, "गालीलातून मुकी शोधून आणलीस? हुशार आहेस हो. बोलली असती तर चारचौघांत खाली बघावं लागलं असतं."

शप्पीराचा चेहरा लाल झाला. मी तिला इतकी वर्षं ओळखते. तिच्या घरातल्या माणसाला ती स्वतः दिवसभर टोचेल, पण बाहेरच्यानं टाचणीसुद्धा लावलेली तिला खपत नाही. ती म्हणाली, "मुकी नाही ती. सिप्पोरा, बोल."

सिप्पोरानं तिच्याकडं बघितलं. खरंच बोलू, असं तिचे डोळे विचारत होते.

"बोल म्हटलं ना. मावशी विचारतेय, सासर कसं आहे."

आणि चिमणी बोलली.

"सासर लई चांगलं हाय. नवरा चांगला हाय, मामंजी तर बापासारखे. पर सगळ्यांत चांगली अमता. तिच्यासारखं मानूस म्या पाह्यलं न्हाई."

मांडवात तीन गोष्टी एकदम झाल्या. मी पदर नीट केला आणि लाजून म्हटलं, "अगं, मी काय केलं एवढं?" वाढता वाढता गमीलतचा हात थांबला आणि तिचे डोळे भरून आले. आणि शप्पीरा ताठ बसून म्हणाली, "खा गं, खा," पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

बेरेनीके टाळी वाजवून हसली. "म्हणजे नक्की कोण? एका शब्दाला तिघी उठल्या! पोरी, आत्या म्हणतेस, सासू म्हणतेस, की दासी?"

"अमता," सिप्पोरा म्हणाली.

"तेच विचारतेय. कोणती?"

"आता कसं सांगू!" सिप्पोरा वैतागली. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं, ते बांध फुटल्यासारखं आलं. "मी तापानं पडले व्हते. गार पानी पायजे व्हतं. उजाडायच्या आत उठून झऱ्यावर जायची. डोक्यावर घागर घिऊन ती चढन चढायची. एकदा दारच्या पायरीवर पाय घसरून कोपर सोलटलं, तरी घागर फुटू दिली न्हाई. ती अमता!"

"बघ ताई, दासीचं कौतुक," बेरेनीके म्हणाली. "सासूच्या पंगतीला बसून."

"मी नव्हते," गमीलत हळूच म्हणाली. "देवाशपथ, मी मळ्यात होते."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. "माझे गुडघे!" मी म्हटलं. "मी ती चढण चढले असते तर तुम्ही आत्ता माझं सुतक पाळत असता."

यद्दुआनं तोंड उघडलं आणि मिटलं. जुनी शाबासकी आठवली असणार.

सिप्पोराला शब्दानं जमेना. मग ती उठली, शप्पीरापुढं जाऊन बसली आणि तिची बाही वर सारली. कोपरापासून चार बोटं लांब, नुकतीच भरलेली जखम. भट्टीनं भाजलेली नव्हे, दगडानं सोललेली.

शप्पीरानं बाही खाली ओढली, पण आता काय उपयोग? ती कुणाकडंच बघत नव्हती, फक्त सुनेकडं.

"त्या दिवशी जेवताना…" तिनं विचारलं. "ते तू मला म्हणालीस?"

"मग कोनाला?"

"मला वाटलं, अंधारात तुला मी गमीलत दिसले. मी एवढं… आणि तू श्रेय दासीला दिलंस, असं वाटलं मला."

"अंधार असला म्हनून काय झालं!" सिप्पोरा म्हणाली. "पायरी चढताना पायरीगनिक तुम्ही माझ्या गालीलाला शिव्या घालत व्हता. अन् प्रत्येक शिवीत घशातला 'ह' असा खणखणीत! तसला 'ह' या घरात दुसऱ्या कोनाचा हाय?"

पहिल्यांदा हिल्किया हसला. मग यायीर, त्याचा तो वेशीपर्यंत ऐकू जाणारा आवाज परत आला. मग आम्ही सगळे. मांडवाची पानं हलायला लागली. फक्त बेरेनीके हसत नव्हती. ती बहिणीच्या कोपराकडंच बघत होती.

"ताई, तू?" ती म्हणाली. "डोक्यावर घागर? दासीसारखी?"

हसणं थांबलं. शप्पीराला अजून वाट होती. ती म्हणू शकली असती, की एकदाच झालं, नाइलाज होता, पोरीला भ्रम झाला. मी तिच्या जागी असते तर कदाचित तसंच काहीतरी बोलले असते.

तिनं डोक्यावरचं वस्त्र सारखं केलं, त्या पहिल्या सकाळी दारातून येताना केलं होतं तसंच.

"सारखी कशाला?" ती म्हणाली. "दासीच. माझ्या सुनेची. पोरगी पहिल्या दिवसापासून बरोबर बोलत होती, मलाच ऐकू येत नव्हतं." आणि मग तिनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मी अमता."

'ह' नाही, घसा नाही, काही नाही. सपाट, गालीलच्या कुठल्याही म्हातारीसारखं. तिच्या वडिलांनी ऐकलं असतं तर गुंडाळी हातातून पडली असती.

सिप्पोरा तिच्या गळ्यातच पडली, आणि रडता रडता बोलत सुटली. तापाचं, पाण्याचं, यद्दुआच्या वाकड्या प्याल्यांचं, आईच्या मेंढ्यांचं, सगळं एकात एक. शप्पीरा तिच्या पाठीवरून हात फिरवत मध्ये मध्ये म्हणत होती, "हळू बोल गं, श्वास घे." मला इतका आनंद झाला की मी एका बैठकीत अख्खी अंजिरांची चळत संपवली. बेरेनीके लवकर निघाली. जाताना हिल्कियानं तिला जिन्यावरून "खैरे!" म्हणून निरोप दिला, आणि त्याचा 'ख' तिच्यापेक्षा बरा होता.

रात्री कोपऱ्यातलं गाठोडं मी मुद्दाम जाऊन पाहिलं. सोडलेलं होतं. कपडे परत खुंटीवर. यायीर यात्रेबरोबर एकटाच गेला, काखेत यद्दुआनं कोरलेला प्याला घेऊन. त्याची कडा अगदी गोल होती.

सकाळी अंगणात नेहमीचा गलका. सिप्पोराचं बोलणं सुरू होतं, कोंबड्याच्याही आधीपासून. शप्पीरा दारात आली आणि दासीला हाक मारते तशी, गेली सगळी वर्षं मारत आली तशी, तिनं हाक मारली, "अमता! पाणी तापलं का?"

आतून सिप्पोराचा आवाज आला, "अमता तर तुम्हीच की. मग बोलवता कोनाला?"

शप्पीरा थांबली. हिल्कियानं प्याला घासायचा थांबवला. मी ओट्यावरून सगळं बघत होते.  गमीलत शप्पीराबरोबर तिच्या माहेराहून आली, तेव्हा दोघी पोरीच होत्या. आणि मला आठवत होतं तिथपर्यंत या बाईनं तिला दुसरी हाक कधी मारली नव्हती.

"गमीलत," ती म्हणाली.

गमीलत भट्टीपाशी कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही, कारण त्या आवाजात ते नाव तिनं कधी ऐकलंच नव्हतं. शप्पीराला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली.